इंग्लंडात छोट्या मालकाकडची ड्रायव्हरकी

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबा सत्तरच्या दशकात इंग्लंडात, बेडफर्डशायरमध्ये, एका छोट्या मालकाकडे लॉरी चालवायचे. घरी त्यांचा एक फोटो आहे. त्यात लॉरीवर ताडपत्री आणि तिच्यावर दोरांचं जाळं दिसतं. त्यांचं काम नेमकं काय असेल, आणि मोठी कंपनी सोडून ते चार-पाच गाड्यांच्या मालकाकडेच का राहिले असतील?

तुमच्या आजोबांना मी ओळखत नव्हतो. पण त्याच भागात, त्याच वर्षांत, तशाच मालकांकडे मी गाडी चालवली आहे, त्यामुळे त्यांच्या कामाची मला पूर्ण कल्पना आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. ‘आजोबा लॉरी चालवायचे’ असं घरात सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. छोट्या मालकाकडचा ड्रायव्हर माल भरायचा, बांधायचा, झाकायचा, पोचवायचा, कागदावर सही आणायचा आणि परतीचं भाडंही बऱ्याचदा स्वतःच मिळवायचा. आपल्याकडे ट्रकवर क्लीनर असतो. तिथे एकट्यालाच सगळं करावं लागे. चालवणं हा त्यातला सोपा भाग होता.

आपली माणसं त्या भागात आली ती मुख्यतः वीटभट्ट्यांमुळे. बेडफर्डच्या नैर्ऋत्येला स्ट्युअर्टबी नावाचं गाव आहे. तिथली वीटभट्टी एके काळी जगातली सर्वांत मोठी समजली जायची. गोऱ्या कामगारांना ते काम नको असायचं, म्हणून पन्नासच्या दशकात इटालियन आले आणि त्यांच्यामागून आपण. मी कराडचा. 1966 साली आलो आणि आधी भट्टीवरच लागलो. गरम भट्टीतून विटा काढायचं काम काय असतं हे ज्यांनी केलंय, त्यांना लॉरीची कॅब ही बढती का वाटायची ते सांगावं लागत नाही.

तेव्हा लॉरी चालवायला वेगळा परवाना लागत नव्हता. मोटारीची परीक्षा पास झाली आणि वय बसलं की झालं. अवजड वाहनांचा स्वतंत्र परवाना 1970 च्या सुमारास आला, तीन वर्गांचा. पहिला वर्ग ट्रेलर ओढणाऱ्या आर्टिकसाठी, दुसरा तीन-चार आसांच्या गाडीसाठी, तिसरा दोन आसांच्या गाडीसाठी. आधीपासून चालवणाऱ्यांना मालकाने अनुभवाचं पत्र दिलं की परीक्षेशिवाय परवाना मिळे. त्या एका पत्रासाठी आपल्या काही माणसांना किती हेलपाटे घालावे लागले, ते मी जवळून पाहिलं. पत्र देणारे मालकही होते आणि टोलवाटोलवी करणारेही.

आता छोटे मालकच का, याबद्दल. मोठ्या कंपन्यांच्या डेपोत युनियनची ताकद असायची, जागा ओळखीपाळखीने भरायच्या, आणि काळ्या-सावळ्या माणसाला ‘जागा नाही’ हे उत्तर ठरलेलं. 1963 साली ब्रिस्टलमध्ये बसवर काळे-आशियाई कर्मचारी घेत नाहीत म्हणून बहिष्कार झाला होता, ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. नोकरीत वर्णभेद करायला कायद्याने मनाई झाली ती 1968 साली. छोट्या मालकाचं गणित वेगळं होतं. उद्या पहाटे गाडी निघायला हवी आणि ड्रायव्हर आजारी आहे. समोर उभा असलेला माणूस गाडी सांभाळेल का, एवढंच तो बघायचा. तिसऱ्या महिन्यात तो आपलं नाव नीट घ्यायला शिकायचा आणि त्याची बायको ख्रिसमसला कोंबडी पाठवायची. हे सगळ्यांच्या वाट्याला आलं असं मी म्हणणार नाही, पण माझ्या वाट्याला आलं, आणि तुमचे आजोबा एकाच जागी टिकले असतील तर त्यांच्याही आलं असणार.

दुसरं कारण कायद्याचं. जुन्या पद्धतीत दुसऱ्याचा माल वाहायला ‘ए’ किंवा ‘बी’ परवाना लागायचा, आणि तो मिळवताना रेल्वे आणि आधीचे वाहतूकदार हरकत घेऊ शकत. फक्त स्वतःचा माल वाहणाऱ्यांना ‘सी’. 1968 च्या वाहतूक कायद्याने हे मोडून ऑपरेटरचा परवाना आणला. गाड्या नीट ठेवता का, पैसा पुरेसा आहे का, वर्तन स्वच्छ आहे का, एवढंच बघायचं. त्यामुळे सत्तरच्या दशकात एक-दोन गाड्यांचे मालक भराभर वाढले. बरेच जण पूर्वीचे ड्रायव्हरच होते, सकाळी ऑफिसचा फोन घ्यायचे आणि दुपारी स्वतः स्टिअरिंगवर बसायचे.

फोटोतला माल बहुधा भाजीचा असेल. बिगल्सवेड, सँडी हा पट्टा भाजीपाल्याचा. ब्रसेल्स स्प्राउट, कोबी, कांदा, बटाटा. बिगल्सवेड ए-वन या मोठ्या रस्त्यालगत आहे, म्हणजे दक्षिणेला लंडन आणि उत्तरेला थेट स्कॉटलंड. दिवसभर शेतांवरून माल गोळा करायचा, एकेका बांधावर गाडी लावून हाताने भरायचा, आणि संध्याकाळी निघायचं. लंडनचा माल कव्हेंट गार्डनला. नोव्हेंबर 1974 मध्ये तो बाजार थेम्सपलीकडे नाइन एल्म्सला हलवला, तोवर शहराच्या मधोमध, थिएटरच्या गल्ल्यांत, रात्रभर लॉऱ्यांची दाटी असायची. माल उतरवायचा तो बाजारातल्या हमालांनीच, ड्रायव्हरने पोत्याला हात लावायचा नाही. हा नियम ते कडक पाळायचे, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. पोट होतं त्यांचं ते.

आता त्या दोरांकडे वळतो, कारण तुमच्या फोटोतलं खरं कौशल्य तिथे आहे.

गाडी म्हणजे सपाट फलाट, बाजूला फाळके नाहीत. माल रचून झाला की आधी मागची ताडपत्री चढवायची, मग पुढची, आणि पुढचीची कड मागचीवर आली पाहिजे. उलट केलं तर वारा त्या फटीत शिरतो आणि तासाभरात ताडपत्री शिडासारखी फुगते. पुढचे दोन कोपरे पाकिटाच्या घडीसारखे दुमडून आत दाबायचे. कॅनव्हासची ताडपत्री भिजली की एकट्या माणसाला उचलत नाही. डिसेंबरात ती गोठून पत्र्यासारखी कडक व्हायची, मग घडी घालायला तिच्यावर नाचावं लागायचं.

मग दोर. एक टोक फलाटाखालच्या आकड्याला बांधायचं, वेटोळं मालावरून पलीकडे फेकायचं, आणि चक्कर मारून पलीकडे जायचं. तिथे ‘डॉली’ घालायची. लोंबणाऱ्या दोराला छातीच्या उंचीवर एक छोटा फास पिळून धरायचा, खालच्या दोराचा मुडपा त्यातून ओवायचा, तो पिळून खालच्या आकड्यात अडकवायचा, आणि मग सुटं टोक धरून सगळं अंग टाकून खाली बसायचं. त्या फासामुळे दोर कप्पीसारखा चालतो, आणि एकटा माणूस दोघा-तिघांच्या जोराने माल आवळतो. शेवटी आकड्यावर अडकवलं की गाठ धरते. सोडताना एक झटका दिला की सगळं मोकळं, दोरात गाठीची खूणही राहत नाही. दोन हात पुढे पुन्हा तेच. फोटोत दोर समान अंतरावर, ताडपत्री सुरकुतीशिवाय आणि मागचे कोपरे चौकोनी दिसत असतील, तर तुमचे आजोबा चांगले ड्रायव्हर होते हे मी न भेटता सांगतो. ढाब्यासमोर गाडी उभी राहिली की बाकीचे ड्रायव्हर आधी तेच बघायचे.

तागाचे जुने दोर पावसात आखडायचे, त्यामुळे कोरड्यात बांधलेला माल ओल्यात अजून घट्ट व्हायचा. नंतर निळे-नारिंगी पॉलिप्रॉपिलीनचे दोर आले, ते कुजायचे नाहीत पण ताणायचे आणि हाताची सालटी काढायचे. म्हणून वीस-तीस मैलांवर एकदा थांबून सगळे दोर पुन्हा खेचायचे, हा नियमच. भाजीला आणखी एक व्यवधान होतं. हिरवा माल घट्ट कोंडला तर आतून तापतो आणि पिवळा पडतो, उघडा ठेवला तर हिमाने जळतो. किती झाकायचं ते हवा बघून ठरवायचं, आणि चुकलं तर आडत्या माल नाकारायचा.

बाजूला पडदे असलेली बॉडी साठच्या दशकाच्या शेवटी निघाली, चेशायरमधल्या काँगल्टनच्या बोअलॉय कंपनीने काढलेली. पट्टे सोडा, पडदा सरकवा, फोर्कलिफ्टने माल काढा. छोट्या मालकांकडे ती यायला वेळ लागला, पण आल्यावर डॉलीची कला एका पिढीत गेली. मला तिचा अभिमान आहे, तरी पडद्यांच्या विरोधात मी कधीच नव्हतो. ओल्या ताडपत्रीवरून, चौदा फुटांवरून, पडून जायबंदी झालेली माणसं मी पाहिली आहेत.

गाड्यांबद्दल थोडं. चारचाकी म्हणजे बहुधा बेडफर्ड टीके किंवा फोर्डची डी सिरीज. मोठ्या गाडीत अॅटकिन्सन, ईआरएफ, फोडन, गाय, एईसी. छोट्या मालकाचं आवडतं इंजिन गार्डनर, मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला बनायचं. सहा सिलिंडर, दीडशे अश्वशक्ती, मिनिटाला फक्त 1,700 फेरे. डिझेल कमी खायचं आणि वर्षानुवर्षं चालायचं, मालकाला आणखी काय हवं? पण आर्टिकला 32 टनांची मर्यादा होती, आणि तेवढं वजन दीडशे घोड्यांनी ओढायचं म्हणजे चढावर पायी चालणाऱ्याचा वेग. गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे फेरे आपोआप जुळवणारी सोय, नाही. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, फेरे जुळू द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. गार्डनरचे फेरे फार सावकाश उतरायचे, त्यामुळे वरचा गिअर टाकताना थांबावं लागे, आणि चढावर थांबायला वेळ नसतो. कान तयार झाल्याशिवाय हे जमत नाही.

लँकेशायरहून कार्लाइलला जाताना ए-सिक्सवर शॅपचा डोंगर लागायचा, सुमारे 1,400 फुटांवर. आपल्या खंबाटकीसारखी वळणं नाहीत, पण उघडा, लांबलचक चढ, वारा, धुकं आणि बर्फ. एक गाडी आडवी झाली की मागे मैलभर रांग. ऑक्टोबर 1970 मध्ये तिथे एम-सिक्स हा मोटरवे झाला आणि तो त्रास निम्म्याने कमी झाला. आमच्या भागातून ग्लासगोला जाणारे ए-वनने स्कॉच कॉर्नरपर्यंत जायचे आणि ए-सिक्स्टी-सिक्सवरून स्टेनमोर ओलांडून पेनरिथला उतरायचे. तोही रस्ता हिवाळ्यात बंद पडायचा.

थंडीचं मुद्दाम सांगतो, कारण फोटोत ती दिसत नाही. इंजिन कॅबमध्ये, दोन सीटच्या मधे, झाकणाखाली. आवाज कानठळ्या बसवणारा, तरी पाय गारठलेले. गार्डनर थंड चालणारं इंजिन, त्यामुळे हीटरमध्ये ऊब नावालाच. पेडलच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबायची, पायावर गोणपाट घ्यायचं. कडाक्याच्या रात्री डिझेलमध्ये मेण धरायचं आणि फिल्टर तुंबून गाडी बंद पडायची. कोणी टाकीत रॉकेल मिसळायचे, कोणी टाकीखाली चिंध्या पेटवायचे, जे फार धोक्याचं होतं. व्होल्वोची एफ-86 आली तेव्हा ड्रायव्हर तिच्यावर का तुटून पडले, त्याचं अर्धं उत्तर तिच्या हीटरमध्ये आहे. उरलेलं सिंक्रोमेश गिअरबॉक्समध्ये. शिवाय इंग्रजी गाडीसाठी महिनोन्महिने थांबावं लागे आणि ही लगेच मिळे. इंग्लंडच्या लॉरी-कारखान्यांचं पुढे जे झालं, त्याची सुरुवात मी तिथे धरतो. साउथॉलचा एईसी 1979 मध्ये बंद झाला, वुल्व्हरहॅम्प्टनचा गाय 1982 मध्ये, आणि बेडफर्ड या नावाच्या लॉऱ्या बनवणं 1986 मध्ये थांबलं. एईसीच्या आजूबाजूला आपले किती लोक राहत होते!

माल उतरला की खरी चिंता सुरू व्हायची. ग्लासगो किंवा मँचेस्टरहून रिकामी गाडी परत आली तर त्या फेरीत मालकाला काही उरत नाही. मोठ्या कंपन्यांचे गावोगावी डेपो, त्यांना चिंता नाही. आमचा मालक क्लिअरिंग हाउसवर अवलंबून. ते म्हणजे आपल्याकडचे ट्रान्सपोर्ट दलालच, भाडं लावून द्यायचे, कमिशन कापायचे आणि पैसे महिन्यांनी द्यायचे. लाल टपरीतून फोन करायचा, टूं-टूं आवाज आला की नाणं ढकलायचं, 1971 नंतर दोन किंवा दहा पेन्सचं. ‘अमक्या गोदामात खत आहे, भरशील का?’ वीस टन खत म्हणजे 112 पौंडांची 400 पोती, कधी पट्ट्यावरून येणारी, कधी सगळी हाताने रचायची. हुशार ड्रायव्हर गोदामातल्या फोरमनशी ओळख ठेवायचा आणि दलालाला वगळून मालकाला थेट भाडं मिळवून द्यायचा. अशा ड्रायव्हरला मालक जपायचा. दर वेळी तीच गाडी त्याला, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. मोठ्या डेपोत जी दिसेल ती गाडी घेऊन निघायचं. तुमचे आजोबा छोट्या मालकाकडे का राहिले, याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण. तिथे माणूस नंबर नव्हता, धंदा त्याच्या शब्दावर चालायचा.

गोदीत मात्र छोट्या मालकाचा ड्रायव्हर शेवटी असायचा. युनियनचं कार्ड दाखवल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी आत घेत नसत, आणि आत गेल्यावरही दिवस दिवस रांग.

रात्रीच्या मुक्कामाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. तेव्हाच्या कॅब दिवसापुरत्या, त्यांत झोपायची सोय नव्हती. कोणी सीटवर फळी टाकून झोपायचे, बाकीचे ड्रायव्हरांच्या खाणावळीवजा घरांत, एका खोलीत चार-पाच खाटा. काही दारांवर माझा चेहरा पाहून खाटा अचानक भरायच्या. 1968 च्या वर्णभेदाविरुद्धच्या कायद्यानंतर तसं तोंडावर म्हणणं कमी झालं, थांबलं नाही. म्हणून ज्या दोन-तीन घरांत मोकळेपणाने घ्यायचे, तिथेच मी जायचो, वाट वाकडी करूनही. रस्त्यावर मात्र अनुभव वेगळा. रात्री कोणी ओव्हरटेक करताना त्याचं शेपूट आपल्या पुढे गेलं की हेडलाइट मिचकवायचे, म्हणजे ‘ये आत’. तो बाजूचे दिवे लुकलुकवून आभार मानायचा. अंधारात कोणाचा रंग दिसत नाही. बंद पडलेल्या गाडीजवळ कोणी थांबला नाही असं मला आठवत नाही.

कामाचे तास हा विषय टाळता येणार नाही. 1968 च्या वाहतूक कायद्याने दिवसाला दहा तास चालवणं ठरवलं, आधी अकरा होते. पण हिशेब हाताने भरायच्या वहीत. वहीत काय लिहायचं आणि प्रत्यक्षात काय झालं यात किती अंतर असायचं, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. छोटे मालक यात धुतल्या तांदळासारखे होते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गाडीचा वेग आणि चालवण्याचे तास कागदी चकतीवर नोंदवणाऱ्या टॅकोग्राफला ड्रायव्हरांनी ‘कॅबमधला हेर’ म्हणून खूप विरोध केला, ब्रिटन सरकारही टाळाटाळ करत राहिलं, शेवटी 1979 मध्ये युरोपीय न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला आणि 1981 संपेपर्यंत ते यंत्र सक्तीचं झालं. मी त्याच्या बाजूने होतो. झोप अनावर झालेल्या ड्रायव्हरच्या हातातले 32 टन काय करतात, ते ज्याने पाहिलं त्याला त्या चकतीचा राग येत नाही.

जानेवारी 1979 चा संप आजोबांच्या आठवणीत नक्की असेल. आठवड्याला 65 पौंड पगाराची मागणी होती. महिन्याच्या सुरुवातीला संप सुरू झाला, 11 तारखेला मोठ्या वाहतूक युनियनने त्याला मान्यता दिली, आणि बंदरं-गोदामांच्या दारांवर पहारे बसले. युनियनबाहेरच्या छोट्या मालकांच्या गाड्याही अडल्या. मागितलं त्याच्या जवळपास बऱ्याच ठिकाणी मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं, त्या पगारात ओव्हरटाइमशिवाय घर चालत नव्हतं. पण त्या हिवाळ्यात ज्यांच्याकडे दोन-तीनच गाड्या होत्या, त्यातले काही मालक पुन्हा उभे राहिले नाहीत.

आता फोटो नीट बघा. नंबर प्लेटचं शेवटचं अक्षर वर्ष सांगतं: जे असेल तर ऑगस्ट 1970 ते जुलै 1971, के असेल तर त्यानंतरचं वर्ष, मग एल, एम, एन, पी अशाच क्रमाने. पहिल्या तीन अक्षरांतली शेवटची दोन टीएम, एनएम, एमजे किंवा बीएम असतील तर गाडीची नोंद बेडफर्डशायरची. दारावर मालकाचं नाव आणि गाव रंगवलेलं असेल, भिंग लावून वाचा. गाव कळलं तर तिथल्या जुन्या माणसांना विचारता येईल, गाडीचं नाव लोकांच्या लक्षात राहतं. जाळीवर मोठं गोल ‘ए’ दिसलं तर ती अॅटकिन्सन. आणि इंग्लंडात गेलात तर लँकेशायरमधल्या लेलँड गावी ब्रिटिश व्यापारी वाहनांचं संग्रहालय आहे, तिथे आजोबांच्या काळातल्या गाड्या उभ्या आहेत. कॅबपर्यंत जाता आलं तर पायरीवर उभं राहून आत बघा, दोन सीटच्या मधलं ते इंजिनाचं झाकण किती मोठं आहे ते.